तेवीस किलो

विजेच्या बिलामागे मुक्रानने उभी रेघ ओढली आहे.
डावीकडे विमान, उजवीकडे जहाज.
चौघांची तिकिटं, ऑगस्टचे भाव,
अंगात आल्यासारखे दर तासाला वर उडणारे.

विमान: दीड तास.
मार्सेयला पट्टा बांधला, रस प्यायला, की बेजाया.
माणशी तेवीस किलो, वर एक हातपिशवी.

जहाज: एक रात्र आणि अर्धा दिवस.
शिवाय बंदराबाहेरच्या रांगेत चार तास ऊन,
शिवाय पलीकडे कस्टमवाल्यांपुढे
गाडीची आतडी काढून मांडायची.
बारा दिवसांच्या रजेतले तीन खाऱ्या पाण्यात.
पण गाडी नेता येते.
आणि गाडीच्या टपावर, ताडपत्रीखाली, दोरांनी आवळून
मावेल तेवढं सगळं, आणि न मावेल तेही.

मला ती यादी पाठ आहे.
झहरामावशीचं शिवणयंत्र
(तिथेही मिळतात, पण तिला इथलंच हवं),
भाच्याची सायकल, कॉफीचे बारा डबे, दोन गाद्या,
मेहुण्याच्या गाडीची पुढची काच,
अख्खी, घोंगडीत गुंडाळून.

सिलिया पंधराची. तिचा निकाल लागलेला आहे: विमान.
"जहाजावर सगळे आपलेच लोक असतात," म्हणते,
आणि तिला वाटतं, ही तक्रार झाली.
मासिनला जहाज हवं. भोंग्यासाठी.
मागच्या खेपेला त्याने तो ऐकला, टाळ्या पिटल्या,
आणि मिनोर्का मागे पडल्यावर वारा सुटला तेव्हा
माझ्या मांडीवर दोनदा ओकला.

मुक्रान बेरीज करतो. हातचा विसरतो. पुन्हा करतो.
चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीतून
धक्क्याला लागलेलं जहाज दिसतं,
जबडा उघडून एकेक गाडी गिळणारं.

बाबा जहाजाचेच.
त्रेसष्ट साली याच धक्क्यावर उतरले,
पुठ्ठ्याच्या पेटीत सुकी अंजिरं आणि दुसरा शर्ट.
पुढे दर दोन वर्षांनी तीच वाट, उलटी, आम्हाला घेऊन.
पहाटे उठवून डेकवर न्यायचे,
आम्हा तिघांवर मिळून त्यांचा एक कोट.
"बघा, आधी वास येतो. मग डोंगर."
आम्हाला डिझेलचाच वास यायचा.
तरी आम्ही हो म्हणायचो.

विमानात ते एकदाच बसले.
बसले म्हणजे काय.
खाली सामानाच्या कप्प्यात, आतून जस्त ठोकलेल्या पेटीत.
पावतीवर वजन: एकशे अठरा किलो.
हयातीत कधी बासष्टच्या वर गेले नाहीत.
मी वर, सतराव्या रांगेत, खिडकीशी.
हवाईसुंदरीने विचारलं, रस की पाणी.
मी रस म्हणाले. संत्र्याचा.
नीट रडू फुटेपर्यंत
पट्टे बांधायची सूचना झाली.

"तर?" मुक्रान विचारतो. पेन्सिल कानावर.
"एकशे चाळीस युरो वाचतात विमानाने."
मी म्हणते, जाताना जहाज, येताना विमान.
"आणि गाडी? ती पोहत येईल?"
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
मासिन हसून हसून टेबलाखाली गेला आहे,
तिथूनच भोंगा वाजवतो.

मग दोन्ही वेळा जहाज, मी म्हणते.
सिलिया दार आपटते.
ती पहाटे उठणार नाही, ठाऊक आहे मला.
ओढत नेईन. माझा कोट तिच्या खांद्यावर टाकीन.
बघ म्हणेन, आधी वास येतो.
"डिझेलचा," ती म्हणेल.
हो, म्हणेन मी.

मुक्रान बिल उलटं करून बघतो:
भरायची तारीख कालच होऊन गेली.
मी उठते.
काचेसाठी एक जाड घोंगडी शोधायला हवी.